दगडी अत्तर

शकीलभाई अत्तरवाल्यांना अधूनमधून संशय येत असे, असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय होईल. संशय त्यांच्याकडे कायमचा मुक्कामालाच होता. दूधवाला रोज ठरल्या वेळी येतो म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय, आणि एखाद्या दिवशी उशिरा आला तर मग विचारायलाच नको. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या की ती चिठ्ठी ते दुसऱ्या डॉक्टरांना दाखवत, आणि दोघांचं एकमत झालं की या दोघांची आपसात ओळख आहे का, याची चौकशी करत. एकदा त्यांच्या बायकोने, सलीमाने, वैतागून विचारलं होतं की निकाहाच्या वेळी 'कबूल' म्हणायच्या आधी तुम्ही काझींचं ओळखपत्र पाहिलं होतं का. पाहिलं नव्हतं, आणि याची खंत त्यांना अजून होती.

पण त्यांचं सगळंच चुकत होतं असंही नाही. धंदाच तसला. चंदनाच्या तेलात काय काय मिसळतात आणि गुलाबाच्या नावाखाली काय काय खपवतात, हे रविवार पेठेतल्या त्या अरुंद दुकानात बसून त्यांनी चाळीस वर्षं हुंगलं होतं. कनौजहून डबा आला की ते थेंबभर तेल मनगटाच्या मागच्या बाजूला लावत आणि तासभर कुणाशी बोलत नसत. मग निकाल. त्या नाकाने बड्याबड्या व्यापाऱ्यांचा माल परत पाठवला होता. पुण्यात चोख अत्तर कुठे मिळतं विचारलं, तर जाणकार माणूस त्यांच्याच बोळाकडे बोट दाखवायचा आणि वर सांगायचा, "माल उत्तम आहे, माणूस सोसावा लागतो."

एवढ्या मोठ्या दुनियेत शकीलभाईंनी एका माणसावर कधी शंका घेतली नाही. ते म्हणजे त्यांचे अब्बा. अब्बा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण अब्बांनी सांगितलं ते सांगितलं. आणि अब्बांनी दिलेली एक वस्तू दुकानात अशी होती की तिची परीक्षा करावी असं शकीलभाईंच्या मनात कधी आलंच नव्हतं. ती म्हणजे काचेच्या बरणीतला काळा दगड.

दगड म्हणायचं ते वजनामुळे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडून परत आलेल्या एका कच्छी व्यापाऱ्याकडून अब्बांनी तो घेतला होता. डोंगरातल्या एका झाडाचा हा डिंक, वाळून वाळून दगड झालेला, असं अब्बा सांगत. काळपट तपकिरी, डांबरासारखी चमक असलेला. त्याची चिमूटभर पूड करायची, चंदनाच्या तेलात घालायची, चाळीस दिवस मुरवायची आणि मलमलीतून गाळायची. जो सुगंध निघे त्याला जुन्या चामड्याचा, तंबाखूचा, उदाचा वास होता आणि त्या सगळ्यामागे काहीतरी उबदार होतं, त्याला नाव देता येत नसे. गिऱ्हाईक त्याला दगडी अत्तरच म्हणे. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला निघालेले लोक दुकानाशी थांबत, शकीलभाई कापसाचा बारीक फाया दगडीत बुडवून देत, तो कानाच्या वळीत खोचून लोक मशिदीत जात. बापाने ही सवय लावली ती मुलाला लागली, असं करत दोन पिढ्या झाल्या होत्या.

दगड पूर्वी याच्या दुप्पट होता. अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर वाटणीचा विषय निघाला, तेव्हा धाकटा भाऊ अझीम म्हणाला की दुकान, तांब्याची भांडी, कुप्या, गिऱ्हाईक, सगळं भाईजानला राहू द्या, मला फक्त दगड द्या. झालं! शकीलभाईंच्या मनात पाल चुकचुकली. एवढं चालतं दुकान सोडून माणूस नुसता दगड मागतो, तेव्हा त्या दगडात असं काहीतरी असणार जे याला कळलंय आणि मला नाही. त्यांनी करवत मागवली आणि सगळ्यांसमोर दगडाचे दोन तुकडे केले. अझीम आपला तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून निघून गेला. त्याने हडपसरला दुकान टाकलं. तेव्हापासून दोघा भावांची ईदची मुबारकबादसुद्धा बायकांमार्फत जायची.

गेल्या नोव्हेंबरात दुकानात एक मुलगी आली. पूर्वा तिचं नाव. स्कूटर बोळाच्या तोंडाशी लावून, तोंडावरचा स्कार्फ सोडत ती आत आली आणि आजीसाठी वाळ्याचं अत्तर मागितलं. कुपी हातात घेतली, पण नजर वरच्या फळीवरच्या बरणीवर. ते काय आहे, तिने विचारलं. शकीलभाई म्हणाले, दगड. कसला? काळा. यापुढे पुण्यात कुणी विचारत नाही, पण ती हसली आणि चार दिवसांनी परत आली. या खेपेला तिच्या पर्समध्ये भिंग होतं. बरणी न उघडता लांबूनच बघते म्हणाली. शकीलभाईंनी बरणीवर फडका टाकला.

तिसऱ्यांदा ती आली तो गुरुवार होता, आणि तोवर शकीलभाईंचा निष्कर्ष तयार होता. एक तर ही अन्न-औषधवाल्यांकडची, नाहीतर अझीमची. अझीमचा अर्धा दगड संपला असणार, म्हणून त्याने हिला उरलेल्या अर्ध्याच्या मागावर धाडली. तुम्हाला कुणी पाठवलं, असं त्यांनी तोंडावरच विचारलं. तिने संशोधन संस्थेचं ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि फोटोतली मुलगी तुम्हीच कशावरून, असं विचारलं. बिचारीने स्कार्फ पुन्हा सोडून दाखवला.

मग तिने सांगायला सुरुवात केली. तिचं काम जुन्या परागकणांचं. तळ्यांच्या तळच्या गाळात हजारो वर्षांपूर्वीचे परागकण अडकून असतात. ते पाहून तेव्हा पाऊस किती पडत होता, झाडं कोणती होती, हे तिच्यासारखी माणसं शोधतात. आफ्रिकेत असे परागकण गाळाशिवाय आणखी एका गोष्टीत सापडतात, आणि ती गोष्ट तिने आजवर फक्त फोटोत पाहिली होती. तिला चिंचोक्याएवढा तुकडा हवा होता, बास. हे सगळं तिने भराभर सांगितलं आणि मग एकदम अडखळली.

"काका, हे अंगाला लावतात का?"

लावतात, शकीलभाई म्हणाले. नमाजाला जाताना लावतात.

तुकडा राहू द्या, येते मी, असं काहीतरी पुटपुटून ती उठली. आता गिऱ्हाईक काही न घेता उठलं तर शकीलभाई त्याला कधी अडवत नसत, पण ही का उठली हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागला नसता. बसा, त्यांनी सांगितलं. तिने मोबाइलवर एक फोटो उघडून समोर धरला. उन्हात खडकावर पाच-सात जनावरं अंगाला अंग चिकटवून बसलेली. सशाएवढी, तपकिरी, गुबगुबीत, कान छोटे, शेपूट नाही. हायरॅक्स म्हणतात, ती म्हणाली. आपल्याकडे नसतो. आफ्रिकेत आणि अरबस्तानात डोंगराच्या कपारींत राहतो.

शकीलभाईंनी फोटो पाहिला. घूस आहे, म्हणाले.

दिसते तशी, पण घुशीशी काही नातं नाही. याचे सगळ्यात जवळचे जिवंत नातेवाईक हत्ती आणि समुद्रगाय.

इथे शकीलभाईंनी चष्मा काढून ठेवला. थापा मारायच्या तरी किती! पण मुलगी आपली सांगतच होती. याचे वरचे दात हत्तीच्या सुळ्यांसारखे जन्मभर वाढतात. पोटात पिल्लू सात-आठ महिने असतं, एवढ्याशा जनावराला हे फार झालं. तळपाय रबरी आणि घामाने कायम ओलसर, म्हणून सरळसोट खडकावरूनही पाय घसरत नाही. अंगातली ऊब नीट टिकत नाही, म्हणून सकाळी आधी सगळं कुटुंब उन्हात शेकत बसतं आणि मग चरायला निघतं. चरताना एकजण उंचावर बसून पहारा करतो, आणि गरुड किंवा बिबट्या दिसला की ओरडतो. हा पहारेकरी शकीलभाईंना एवढ्या सगळ्यात पहिल्यांदा पटला. पुढे, त्यांनी सांगितलं.

पुढचं सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ही जनावरं घाण कुठेही करत नाहीत. कपारीतली एकच जागा ठरलेली असते. आई जिथे जाते तिथेच पिल्लू जातं, त्याचं पिल्लूही तिथेच. हजारो वर्षं, काही ठिकाणी तर पन्नास हजार वर्षं, एकाच जागी लेंड्या आणि मूत साचत जातं. कपारीत पाऊस पोचत नाही, ते वाळतं, घट्ट होतं, काळं होतं आणि दगड बनतं. वाऱ्याने आलेले परागकण त्यात अडकतात. तिकडचे लोक तो दगड औषधाला वापरत आलेत, आणि अत्तरवालेही वापरतात.

"झाडाचा डिंक आहे हा," शकीलभाई म्हणाले.

असेलही, ती म्हणाली. फक्त कापलेली बाजू एकदा भिंगातून बघा. भिंग त्यांच्या काउंटरवर ठेवून ती गेली. भिंग मुद्दाम ठेवलं की विसरली, यावर त्यांनी पुढची दहा मिनिटं घालवली.

मग बरणी उघडली. करवतीने कापलेल्या बाजूवर वाटाण्याएवढे गोल गोल ठिपके होते. बारा वर्षं ते त्यांना झाडाच्या बिया समजत आले होते. भिंगाखाली त्या बियांना साल नव्हती. चावलेल्या गवताचा भुगा होता तो, आणि मध्ये एक राखाडी केस. तरीही त्यांनी मानलं नाही. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता, नाकावर होता. त्यांनी चिमूटभर पूड बशीत घेतली आणि तिच्यावर चहाच्या किटलीतलं गरम पाणी ओतलं. हे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. अब्बांनी दगड चंदनात घालायला सांगितला होता, त्यांनी तो चंदनातच हुंगला होता. बशीतून वाफ निघाली आणि शकीलभाईंनी डोळे मिटले. बकरी ईदच्या आधी आठ दिवस अंगणात बोकड बांधून ठेवतात ना, तिथला वास. त्या उबदार गोष्टीला आता नाव मिळालं होतं.

त्यांच्या पायाखालची वाळूच सरकली. दोन पिढ्यांचे जुम्मे! हातपाय-तोंड धुऊन वजू करून, स्वच्छ कपडे घालून निघालेल्या माणसांच्या कानात आपण काय खोचत होतो? आणि विश्वासाने खोचत होतो. लोक शकीलभाईंच्या दारात यायचे ते एवढ्यासाठीच, की हा माणूस सगळ्यावर शंका घेतो, म्हणजे इथलं तरी चोख असणार.

घरी आल्यावर त्यांनी सलीमाला सांगितलं. तिने आधी मोबाइलवर त्या जनावराचा व्हिडिओ शोधला आणि किती गोड आहे हो, म्हणाली. शकीलभाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिचं हसू मावळलं. जरा वेळाने ती म्हणाली, की अब्बांचा जुम्म्याचा कुर्ता ती इस्त्री करायची, तेव्हा फायाही तीच करून द्यायची. अब्बांना जुम्म्याला नेहमी गुलाब लागायचा. एकदा तिने चुकून दगडी लावून दिला, तर त्यांनी फाया काढून टाकला, कान धुतला आणि पुन्हा वजू केली.

शकीलभाईंनी विचारलं, हे तू आजवर का बोलली नाहीस. मला वाटलं त्यांना गुलाब आवडतो, ती म्हणाली. तिच्यावर संशय घ्यायची त्यांची तयारी झाली होती, पण घेता आला नाही. तो आता भलतीकडेच चालला होता आणि त्यांना तिकडे जायचं नव्हतं.

शुक्रवारी पहाटेच्या नमाजानंतर ते इमामसाहेबांपाशी बसले. इमामसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. एखादी चीज मुळापासून बदलून दुसरीच झाली तर तिच्याबद्दलचा धर्माचा हुकूमही बदलतो, असं बऱ्याच जाणत्यांचं मत आहे, ते म्हणाले. आणि नकळत जे झालं त्याची काळजी करू नका. पण आता तुम्हाला ठाऊक झालंय. तेव्हा यापुढे घेणाऱ्याला सांगा, आणि ज्यांना दिलं त्यांनाही सांगा. त्यांचं त्यांना ठरवू द्या.

सांगायचं. शकीलभाईंना ते फार अवघड वाटलं होतं, पण ते किती अवघड आहे हे अकरा वाजता कळलं. पहिले आले शहेजादमियां. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, दर शुक्रवारी खास दगडीसाठी इतक्या लांब येणारे. शकीलभाईंनी त्यांना बसवलं आणि जीव घट्ट करून सगळं सांगितलं, त्या जनावरापासून बशीतल्या वासापर्यंत. शहेजादमियांनी ऐकलं आणि पोट धरून हसले.

"शकीलभाई, मागच्या महिन्यात तुम्ही मला सांगितलंत की बोळातला नवा दिवा आपल्यावर नजर ठेवायला लावलाय. आज हत्तीचा भाऊ दगड मुततो म्हणताय."

असं म्हणून त्यांनी स्वतःच कुपी उचलली, फाया बुडवला, कानात खोचला आणि निघून गेले. दुसऱ्या गिऱ्हाइकाने ओळखलं की दगड संपत आलाय, म्हणून भाव चढवायची ही तयारी. तिसरं म्हणालं, धाकट्या भावाचं दगडी जास्त चालत असेल, म्हणून ही बदनामी, दुसरं काय! एकालाही खरं वाटलं नाही. खरं का वाटावं? ज्याने आयुष्यभर दुधात, गोळ्यांत, मीटरमध्ये खोट काढली, त्याने आज स्वतःच्या अत्तरात काढली, यात लोकांना काही नवल वाटलं नाही. दुपारी ते नमाजाच्या रांगेत उभे राहिले तेव्हा डावीउजवीकडून, पुढून, मागून दगडीचा वास येत होता. सुंदर वास होता. शकीलभाईंना रडू आलं.

नमाज आटोपून त्यांनी दुकान उघडलंच नाही. बस धरली आणि हडपसरला गाडीतळाशी उतरले. अझीमच्या दुकानात टोप्या, जपाच्या तसबीह माळा, सुरमा आणि चकचकीत डब्यांतली तयार सेंट होती. भाऊ दारात दिसताच अझीम उठून उभा राहिला. त्याच्याही दाढीत आता बरंच पांढरं होतं. शकीलभाईंनी बसायच्या आधी फळ्यांवरून नजर फिरवली. दगडी अत्तर कुठे दिसेना.

तुझा दगड कुठे आहे, त्यांनी विचारलं. अझीमने खालच्या कप्प्यातून बिस्किटांचा डबा काढला. दगड त्याच बारा वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रात होता. शकीलभाईंनी तो उजेडात धरून सगळीकडून पाहिला, सवयच ती. करवतीच्या दात्यांच्या रेघा जशाच्या तशा होत्या. त्यातला एक कणही कुणी काढला नव्हता.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

अझीम म्हणाला की अब्बांनी शेवटच्या आजारात सांगितलं. त्या कच्छी माणसाने पहिल्याच दिवशी अब्बांना सगळं सांगितलं होतं. पण सुगंध असा निघाला, गिऱ्हाईक असं जमलं, की डिंक म्हणून जे एकदा तोंडातून गेलं ते परत घेता येईना. जाताना तेच त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं. म्हणून तर मी नुसता दगड मागितला, अझीम म्हणाला. विकायचाच नव्हता तो.

"आणि मला का नाही सांगितलं?"

"अब्बांनी शपथ घातली होती, भाईजान. म्हणाले, शकील सगळ्या जगात फक्त माझ्यावर विश्वास ठेवतो. हे कळलं तर त्याच्याकडे कुणीच उरणार नाही."

बाहेर बस लागत होत्या, कंडक्टर स्वारगेट स्वारगेट ओरडत होते. शकीलभाईंनी दगड पुन्हा त्याच वर्तमानपत्रात गुंडाळला. या अझीमला त्यांनी बारा वर्षं लबाड म्हटलं होतं, घरात म्हटलं होतं, गिऱ्हाइकांत म्हटलं होतं, ईदचा शिरखुर्मा खाताना म्हटलं होतं. अब्बांचा आपल्याला राग यायला हवा, असं त्यांना वाटलं, पण येईना. स्वतःची मात्र लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

शेवटी ते म्हणाले, की पुढच्या जुम्म्याला तू रविवार पेठेत ये. काउंटरवर तू बस आणि लोकांना तू सांग. माझं कुणाला खरं वाटत नाही.

अझीमने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. ज्या काउंटरला शकीलभाईंनी सलीमालाही कधी हात लावू दिला नव्हता, तिथे बसायला त्याला बोलावणं आलं होतं.

"मी काय सांगेन याची खात्री काय, भाईजान?" त्याने विचारलं. "लोक विचारणार, मग इतकी वर्षं फसवलं कुणी?"

"मी फसवलं म्हणून सांग," शकीलभाई म्हणाले. "अब्बांचं नाव निघता कामा नये."